स्कूटरची ओली सीट आणि मांडवीवरचं धुकं: पणजीच्या आसपास नोव्हेंबर-डिसेंबरच्या हवेचे फोटो कसे काढावेत

गोव्यात थंडी पडते म्हटलं की पुण्या-नाशकाकडचे पाहुणे हसतात. त्यांचं चुकत नाही. पणजीत डिसेंबरातही पहाटेचं तापमान साधारण २०-२१ अंशांवर घुटमळतं आणि दुपारी पुन्हा ३२-३३ ला जाऊन टेकतं. आमच्या घरातला एकुलता एक स्वेटर चोर्ला घाट चढतानाच बाहेर निघतो. पण फोटो काढणाऱ्याला थंडी अंगाला लागून काय मिळणार? त्याला हवेत काय भरलंय ते हवं असतं. पावसाळा परतला की पणजीच्या हवेत दर तीन-चार दिवसांनी काहीतरी वेगळं भरलेलं असतं. कधी दव, कधी धुकं, कधी पालापाचोळा जाळल्याचा धूर, कधी घाटावरून उतरणारं गडगडाटी ढगांचं लटांबर.

इथले बहुतेक नवशिके आधी ठिकाण ठरवतात आणि मग हवेला नावं ठेवतात. "मिरामारला गेलो, पण सूर्यास्त काही खास नव्हता." मीही पहिली दोन-तीन वर्षं हेच केलं. आता उलटं करतो. आधी वारा आणि दव बघतो, मग स्कूटर कुठे न्यायची ते ठरवतो. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

पहिलं काम: वारा ओळखा

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. परीक्षेनंतर ते कुणालाच लागत नाहीत. फोटो काढायला मात्र तेवढा एक धडा हिवाळाभर पुरतो.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर गोव्यातून काढता पाय घेतो. तोवर चार महिने समुद्राकडून एकसारखा वारा येत असतो. तो थांबला की जमीन आणि समुद्र यांचा रोजचा खेळ सुरू होतो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दुपारपर्यंत जमीन तापते आणि वारा उलटतो. हा खारा. ऑक्टोबरात खारा वारा लवकर सुटतो. डिसेंबरात पूर्वेकडून येणारी कोरडी हवा त्याला अडवून धरते, त्यामुळे कधी कधी दुपारचे बारा वाजून गेले तरी झाडाचं पान हलत नाही.

हे बघायला यंत्र लागत नाही. आमच्या वाड्यावर सकाळी कुणीतरी आंब्या-फणसाची सुकी पानं गोळा करून पेटवतंच. (पेटवू नयेत, पण पेटवतात.) आठ वाजता तो धूर आडवा होऊन नदीच्या तोंडाकडे, म्हणजे समुद्राकडे जातो. तेच ढिगाऱ्याचं धुमसणं दुपारी तीन वाजता बघा, धूर जुन्या गोव्याच्या दिशेने वाकलेला असतो. मांडवी नदीत नांगरलेल्या बोटींवरचे झेंडेही हेच सांगतात.

मतलई वाहत असेल तेव्हा किनाऱ्याजवळचा समुद्र तेलासारखा गुळगुळीत असतो, पण हवेत आतल्या भागातली धूळ आणि धूर येतो. खारा सुटला की धुरकटपणा आत ढकलला जातो, पाण्यावर सुरकुत्या येतात, आकाश जरा निळं होतं. म्हणजे प्रतिबिंब हवं तर सकाळ आणि स्वच्छ क्षितिज हवं तर दुपारनंतर. करंझाळ्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर तिथला समुद्र फोटोला कसा असेल ते वेगळं विचारायला नको.

दुसरं काम: आदल्या रात्रीची दहा मिनिटं

रात्री जेवण झाल्यावर चार गोष्टी बघायच्या.

एक, आकाश. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते आणि पहाटे हवा चांगली निवते. ढग असतील तर ते गोधडीसारखं काम करतात. मग धुकं विसरा.

दोन, वारा. हवामानाच्या कुठल्याही अॅपवर पहाटे पाचचा वारा ताशी ५ किलोमीटरच्या आत दिसायला हवा. त्याहून जास्त असला तर खालची गार, ओली हवा वरच्या हवेत मिसळून जाते आणि धुकं धरत नाही.

तीन, दवबिंदू. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तो आकडा. अॅपमध्ये तो तापमानाच्या शेजारी असतो, पण बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर नदीकाठच्या सखल भागात धुक्याची आशा धरावी. पाच-सहा अंशांचा फरक असेल तर झोपावं.

चार, भरती-ओहोटी. मुरगाव बंदराचं वेळापत्रक बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात जवळजवळ दोन मीटरचा फरक पडतो आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उजाडताना भरती असेल तर काठोकाठ पाणी आणि प्रतिबिंब. ओहोटी असेल तर चिखल, खारफुटीची उघडी मुळं आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. दोन्ही चांगलं, पण लेन्स वेगळी लागते.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पणजीच्या डॉप्लर रडारची आणि इन्सॅट उपग्रहाची चित्रं मिळतात. धुक्यासाठी त्यांचा उपयोग थोडा, संध्याकाळच्या पावसासाठी फार.

आणि पाचवी गोष्ट पहाटेची. साडेपाचला बाहेर येऊन स्कूटरच्या सीटवरून हात फिरवायचा. हात ओलाचिंब झाला, सीटवरून थेंब ओघळले, तर रात्र निरभ्र आणि निवांत गेली. सरळ नदीकडे निघा. सीट कोरडी असेल तर रात्री वारा होता किंवा ढग होते, मग टेकडीकडे. अॅप आणि सीट यांच्यात मतभेद झाले तर मी सीटचं ऐकतो.

तिसरं काम: कॅमेरा एसीतून बाहेर काढा

हे मी एकदा पुरतं भोगलंय. एका नोव्हेंबरात मित्राच्या गाडीतून एसी लावून आरामात मांडवीतल्या चोडण बेटावर पोचलो, पलीकडे धुक्यातून फेरीबोट निघताना दिसली, घाईने कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला तर सगळं पांढरं. आधी वाटलं, काय दाट धुकं आहे! मग लक्षात आलं की पाणी लेन्सवर साचलंय. पुसलं, पुन्हा आलं. पुसलं, पुन्हा आलं. फेरीबोट आली, रिकामी झाली, भरली आणि परत गेली. काच बाहेरच्या हवेइतकी कोमट व्हायला वीसेक मिनिटं लागली आणि तेवढ्यात सूर्य वर.

म्हणून रात्री एसीच्या खोलीत झोपत असाल तर कॅमेऱ्याची बॅग बाहेर बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठेवा. गाडीने जाताना एसी बंद, काचा खाली. हॉटेलात उतरलेल्यांनी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बाहेर आणावा. पाणी पिशवीवर साचतं, काचेवर नाही. अर्ध्या तासाने पिशवी उघडावी. फोनच्या कॅमेऱ्यालाही हेच होतं, फक्त लोक त्याला "आज फोटो स्वप्नासारखे आले" म्हणतात.

दुसरं, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लेन्स काढाल तेव्हा मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. चार महिने कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला गोव्यात ती लागतेच. हिवाळ्यात उन्हं दाखवून ती जात नाही. दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी लागते. पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणून ठेवा, एवढंच.

धुक्याची सकाळ: रायबंदर ते चोडण

सीट ओली निघाली. आता कुठे?

पणजीहून रायबंदरला जाणारा बांधाचा रस्ता १६३३-३४ मध्ये बांधलेला, साधारण तीन किलोमीटरचा. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरं. नोव्हेंबर-डिसेंबरात मिठाचं काम अजून रंगात आलेलं नसतं, त्यामुळे मिठागरांत पाणी साचलेलं असतं आणि धुकं पहिल्यांदा तिथे धरतं. गुडघाभर उंचीचा पांढरा थर, त्यातून वर आलेले बांध आणि एखादा बगळा. पण या रस्त्यावर सकाळीही वाहनं भरधाव असतात, म्हणून गाडी लावायला सोयीची जागा मिळेल तिथेच थांबा. मांडवीवरच्या अटल सेतूवर तर दुचाकीला बंदीच आहे आणि थांबायलाही जागा नाही. त्याचे फोटो खालून काढायचे.

मी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जातो. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सातला सहा-सात मिनिटं कमी असताना उगवतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास. त्याआधी निदान पाऊण तास पलीकडे पोचलेलं बरं. या दिवसांत सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, बराच दक्षिणेकडे, आग्नेयेला सरकलेला असतो. त्यामुळे चोडणच्या धक्क्यावरून रायबंदरकडे बघत राहिलात तर उजेड नदीपलीकडच्या टेकडीमागून तुमच्या समोर येतो आणि मधलं धुकं आतून पेटल्यासारखं होतं. धुक्याचे फोटो पाठीवर उजेड घेऊन काढू नका, ते मळकट येतात. उजेड समोरून किंवा बाजूने हवा.

क्रम असा. सूर्य येण्याआधी ट्रायपॉडवर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) १००-२००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, शटर दोन-चार सेकंद उघडं. पाणी गुळगुळीत होतं, खांब आणि होड्या निळसर छायेत उभ्या राहतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर सोडू नका. कॅमेरा तो निळेपणा पुसून टाकतो. ५२०० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान एकदा ठेवून द्या.

उजाडलं की कॅमेरा फसायला लागतो. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. धुकं राखाडी, घाणेरडं दिसतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक ०.७ ते अधिक १ वर न्या. मात्र सूर्याचा गोळा चौकटीत आला की हेच उलटं करा, उणे ०.७. फोनवर बोटाने दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. मग सूर्याची खूण थोडी वर सरकवा.

ऑटोफोकस धुक्यात मागेपुढे चाचपडत बसतो. त्याला धरायला काहीतरी काळं द्या. खारफुटीचं खोड, नांगरलेल्या होडीची कड, दिव्याचा खांब. तेही नसेल तर हाताने फोकस करा.

आता एक चौकट जरा जवळून सांगतो. फेरीबोटीतून उतरून पोदेर, म्हणजे पाववाला, चोडणच्या रस्त्याला लागतो. सायकल, मागे बांबूची करंडी, वर निळं प्लास्टिक, आत उंडे आणि पाव. धुक्यात तो आधी दिसत नाही, ऐकू येतो. रबरी फुग्याचा तो पों-पों. आवाज आला की मी शटर १/२५० सेकंदावर, आयएसओ ८०० वर नेतो आणि रस्त्याच्या कडेच्या माडावर फोकस करून ठेवतो, कारण तो त्या माडाच्या बाजूनेच जाणार. पहिल्यांदा एक करडा डाग. मग डागाला चाकं फुटतात. मग प्लास्टिकवरचे दवाचे थेंब दिसतात. फोटो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे काढायचा. चेहरा ओळखू यायला लागला की धुकं संपलं. आणि एक पाव विकत घ्यायचा. रोज त्याच रस्त्यावर उभं राहणाऱ्याने एवढं तरी करावं. "परत आलात काय?" एवढंच तो म्हणतो, थांबत नाही.

फेरीबोटीवर काढायचे असतील तर ट्रायपॉड मिटून ठेवा. इंजिनाची थरथर डेकमधून त्याच्या पायांत उतरते. हातात धरून १/५०० वर काढा.

लांब लेन्स असेल तर ७० ते २०० मिलिमीटर. धुक्यात तिचा उपयोग रुंद लेन्सपेक्षा जास्त. एकामागे एक खांब, माड, होडी, टेकडी, प्रत्येक मागचं जरा फिकट. रुंद लेन्सने काढलं की नुसता पांढरा कागद येतो. पुढे हाताच्या अंतरावर काहीतरी ठसठशीत असेल तरच ती लावा.

धुकं सूर्योदयानंतर तास-दीड तासात उठतं. उठताना ते आधी वर सरकतं, म्हणून चोडणला संपत आलं की घाई केलीत तर जुन्या गोव्याच्या पूर्वेकडच्या टेकडीवर, अवर लेडी ऑफ द माउंटच्या चॅपेलकडे पोचता येतं. तिथून सूर्य पाठीमागे राहतो आणि खाली पश्चिमेकडे चर्चांचे मनोरे, मांडवी आणि दिवाडी बेट. इथे पाठीवरचा उजेड चालतो, कारण आपण धुक्याच्या वर आहोत. ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त (सण) असतं आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. तेव्हा पहाटेही गर्दी आणि वाहनांचे वळवलेले रस्ते धरून वेळ काढा.

करमळीचं तळं आणि मेरशीची खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) हीसुद्धा धुक्याची ठिकाणं. करमळीला थंडीचे पाहुणे, विशेषतः बदकं, उतरतात. तिथे काठावरच्या बांधावर सावकाश चाला. बदकं उठली की त्यांचे आणि तुमचे दोघांचेही हाल.

सीट कोरडी निघाली तर

तर परत झोपू नका. वारा किंवा ढग आहेत म्हणजे आकाशात काहीतरी घडतंय. आल्तिनोची टेकडी किंवा पर्वरीच्या पठाराची कड धरा. उंच विरळ ढग असतील तर सूर्य येण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी ते खालून रंगतात. सूर्य वर आल्यावर पोचणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. ढग नसून नुसता धुरकटपणा असेल तर लांब लेन्सने शहराचे थर काढा: छपरं, माड, अटल सेतूचे मनोरे आणि तारा, त्यामागे पुसट टेकड्या. धुरकटपणा दूर करायला लेन्सवर पोलरायझर नावाची फिल्टरची काच लावतात. तो सूर्यापासून काटकोनात असलेल्या दिशेलाच नीट काम करतो. धुक्यात त्याचा काडीचाही उपयोग नाही.

दुपारी अकरा ते तीन कॅमेरा ठेवून द्या. फारच हात शिवशिवत असतील तर फोंतान्यस-मळ्याच्या गल्ल्यांत सावलीतल्या भिंती आहेत. पण तिथे माणसं राहतात, आणि आपल्या दारात उभं राहून दिवसभर फोटो काढणाऱ्यांना ती कंटाळली आहेत. दार-खिडकी चौकटीत येणार असेल तर विचारा. "नको" म्हणाले तर नको.

घाटावरचे ढग

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा गडगडाटाचा काळ. दुपारी सह्याद्रीचा उतार तापतो, ओली हवा वर चढते आणि दोननंतर पूर्वेला फुलकोबीसारखे ढग उभे राहायला लागतात. वरचे वारे पूर्वेकडून असले की हे ढग किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि पाच ते सातच्या दरम्यान पणजीवर येऊन रिकामे होतात. डिसेंबरात हे बहुधा थांबतं.

संध्याकाळी मिरामारला जाऊन बघा. शंभर माणसं समुद्राकडे तोंड करून फोन धरून उभी असतात, आणि समोर काही नसतं. एक फिकट सूर्य. त्यांच्या पाठीमागे, घाटावर, दहा-बारा किलोमीटर उंच ढगाचा डोंगर मावळतीच्या उजेडात गुलाबी झालेला असतो. घाट पणजीपासून पन्नास-साठ किलोमीटर असला तरी एवढा उंच ढग सहज दिसतो. म्हणून रडारवर पूर्वेला लाल-पिवळे ठिपके दिसले की समुद्र सोडा, कदंब पठाराकडे किंवा पर्वरीला जा आणि पूर्वेकडे बघा. सूर्य मावळल्यावरही पाच-दहा मिनिटं ढगाचा माथा उजळलेला राहतो, खाली सगळं अंधारलेलं. एक्स्पोजर माथ्यावर बेता, खालचं काळं होऊ दे.

वीज काढायची असेल तर ट्रायपॉड, हाताने लांबवर केलेला फोकस, आयएसओ १००, एफ ८ आणि १५ सेकंदांची चौकट एकामागून एक. शहराच्या दिव्यांनी आकाश पिवळं पडत असेल तर वेळ कमी करा. विजेचा उजेड क्षणाचाच, त्यामुळे वेळ कमी-जास्त केल्याने वीज फिकी किंवा गडद होत नाही. ते एफच्या आकड्याने ठरतं. फोनवाल्यांनी सरळ व्हिडिओ लावून नंतर त्यातली चौकट काढावी.

आता जिवाचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी ट्रायपॉड मिटायचा, गाडीत बसायचं, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उघड्या पठारावर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभं राहणं किंवा एकट्या झाडाखाली आसरा घेणं, दोन्ही सारखंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं. फोनमध्ये असू द्या.

समुद्रात काहीतरी शिजतंय

या दोन-तीन महिन्यांत अरबी समुद्रात कमी दाबाचे पट्टे होतात, एखाद्याचं वादळ होतं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' असंच आलं, आणि दिवाळीच्या तोंडावर गोव्याला झोडपून गेलं. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' गोव्यापासून बरंच लांबून गेलं, पण लाटा इथवर आल्या आणि त्या पौर्णिमेच्या भरतीशी जुळल्या. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. वारा नाही, पाऊस नाही, तरी समुद्र चढतो, हे फोटो काढणाऱ्याने लक्षात ठेवावं. अशा दिवशी वाळूवर उतरू नका, खडकांवर तर नाहीच. रेइश मागुशच्या किल्ल्यासारख्या उंच जागेवरून लांब लेन्स लावा. जीवरक्षकांचा लाल झेंडा असेल तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

खरी मजा मात्र पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. हवा धुतलेली असते. पर्वरीहून सह्याद्रीची रांग घडीघडीने दिसते, एरवी महिनाभर जिचा पत्ता नसतो. त्या दिवशी रजा टाकावी.

धुरकट सूर्य

नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास पणजीत सूर्य सर्वांत लवकर, सहाला मावळतो. पण घड्याळावर जाऊ नका. मतलईने आणलेला धूर आणि धूळ समुद्रावर पट्ट्यासारखी साचते आणि सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच, तीन-चार अंश वर असताना, त्यात विरघळतो. सूर्य एक अंश चार मिनिटांत उतरतो, म्हणजे पंधराएक मिनिटं आधीच खेळ संपतो. साडेपाचला जागेवर असा. या दिवसांत सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असल्यामुळे मिरामारहून तो आग्वादकडे न जाता बराच डावीकडे, उघड्या समुद्रावर उतरतो. आग्वादच्या टेकडीमागे जाणारा सूर्य हवा असेल तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबा.

हा लाल गोळा ३०० मिलिमीटरवर काढा आणि पुढून एखादी मच्छीमार होडी जाऊ द्या. नुसता गोळा म्हणजे कुंकवाचा टिळा. गोळा पट्ट्यात शिरायच्या आधी, अजून चकाकत असताना, लांब लेन्समधून डोळ्याने थेट बघू नका, पडद्यावर बघा.

घरी आल्यावर

आधी कॅमेरा पुसा. किनाऱ्यावर गेला असाल तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी, मग कोरड्याने. काचेवर आधी ब्लोअर, मग कापड. मिठाचा कण तसाच घासला तर चरा पडतो. ट्रायपॉडचे पाय चिखलात उतरले असतील तर नळाखाली धरा, नाहीतर पुढच्या आठवड्यात ते उघडणार नाहीत.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं असेल तर संगणकावर धुरकटपणा घालवणारी पट्टी दिसेल. धुक्याच्या फोटोवर तिला हात लावू नका. इतक्या पहाटे उठून जे आणलं तेच ती पुसते. फार तर काळा रंग जरा खोल करा आणि दव बसलेल्या जागी थोडी धार द्या.

फोल्डरच्या नावात तारीख आणि ठिकाणाबरोबर हवा लिहा: चोडण, दव भरपूर, वारा नाही, भरती. एक चौकट ठरवून दर खेपेला तिथून एक तरी फोटो काढा. माझी चोडणच्या धक्क्यावरून रायबंदरच्या टेकडीची आहे, त्याच खांबाला टेकून. दोन हिवाळे झाले की ते फोटो ओळीने लावून बघा. कुठल्या दवाच्या रात्रीनंतर किती धुकं आलं ते अॅपपेक्षा तुमच्या फोल्डरला जास्त ठाऊक असेल.

आणि स्कूटर रात्री पडवीत घेऊ नका. उघड्यावरच लावा.